गावातल्या गावात फुल फेस हेल्मेट : १४ महिन्यांचा रिव्ह्यू, साताऱ्यातून

आधीच सांगते, हा रिव्ह्यू ज्या हेल्मेटचा आहे ते आता मी वापरत नाही कारण ते आपटलं. म्हणजे आपटले मी, ते मध्ये आलं. त्यामुळे बाकीचे रिव्ह्यू असतात ना, बॉक्स उघडला, वास छान येतो, कलर फोटोसारखाच आहे, पाच स्टार, तसला हा नाही. १४ महिने रोज वापरलं, घाम पुसला, शिव्या घातल्या, एकदा भाजीच्या पिशवीसारखं हँडलला लटकवून मंडईत फिरले, आणि शेवटी त्याचं जे खरं काम असतं तेपण बघितलं.

कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. नाव टाकलं की लोक हीच चांगली का तीच चांगली यावर भांडत बसतात आणि साईजचा विषय बाजूलाच राहतो, आणि मला तर सगळ्यात जास्त साईजवरच बोलायचंय.

माझी गाडी ११० सीसीची स्कूटर. राहायला गोडोली, ऑफिस एमआयडीसीत, जाऊन येऊन धरा दहा-बारा किलोमीटर, शिवाय क्लास, दळण, दवाखाना, राजवाड्यावर खरेदी. हायवेला मी वर्षातनं चार वेळा जात असेन. आता साताऱ्यात (आणि मला वाटतं कराड, सांगली, बार्शी कुठंही) लोकांचा न लिहिलेला नियम असा आहे की हेल्मेट हायवेला. गावातल्या गावात हेल्मेट घालणारा माणूस म्हणजे एकतर रिटायर्ड मिलिटरीवाला नाहीतर बाहेरगावचा. माझ्याकडं आधी जे हेल्मेट होतं ते शोरूममधनं गाडीबरोबर आलेलं, म्हणजे नियमानं कंपनीनं गाडीबरोबर हेल्मेट द्यायचंच असतं, आमच्या शोरूमवाल्यानं ते दिलं पण ॲक्सेसरीजमध्ये बिलात लावून दिलं, आणि साईज विचारायची पद्धतच नाही, जे वरच्या फळीवर होतं ते काढून दिलं. माझ्या डोक्यावर ते असं फिरायचं की मी डावीकडं बघितलं तरी हेल्मेट सरळच बघत असायचं. ते चार वर्षं डिक्कीत होतं. पोलीस दिसले की डोक्यावर, पोवई नाका ओलांडला की परत डिक्कीत.

नवीन घ्यायचं कारण काय तर मुलगा. पोरगं अकरावी सायन्सला, फिजिक्समध्ये नुकतंच फ्री फॉल झालेलं, आणि एक दिवस मी बिनहेल्मेटची निघाले तर म्हणाला, मम्मी तुझं डोकं गाडीवर बसल्यावर जमिनीपासनं किती उंच असतं? मी म्हटलं असेल दीड मीटर. तर त्यानं तिथंच हिशोब केला, दीड मीटरवरनं नुसतं खाली पडलं तरी रस्त्याला लागताना स्पीड सेकंदाला ५.४ मीटर, म्हणजे ताशी साधारण २० किलोमीटर. गाडी उभी असली तरी. सिग्नलला तोल गेला तरी. "आता ताशी २० नं पळत जाऊन भिंतीवर डोकं आपट बघू." मी त्याला दोन शब्द सुनावले, पण ते डोक्यात राहिलं हे खरं. कारण आपलं सगळं लॉजिक काय असतं, मी कुठं फास्ट चालवते, तीसनं तर जाते. आणि रस्त्याला त्या तीसचं काहीच पडलेलं नसतं, डोकं खाली यायचा जो वेग आहे तो उंचीवरनं ठरतो.

मग शनिवारी राजवाड्याकडं एका दुकानात गेले. दुकान छोटं, अर्धं हेल्मेट अर्धं सीट कव्हर आणि रेनकोट. आत एक काका. मी म्हटलं पिंक किंवा मरून दाखवा. काका म्हणाले कलर नंतर, आधी डोकं दाखवा. टेलरची टेप काढली, भुवईच्या वर एक बोट ठेवून डोक्याभोवती मापली, ५६ सेंटिमीटर. मग म्हणाले केस कसे बांधता? आयुष्यात पहिल्यांदा हेल्मेटवाल्यानं मला हा प्रश्न विचारला. मी अंबाडा घालते. अंबाडा वर असेल तर हेल्मेट पुढं ढकललं जातं आणि कपाळ उघडं पडतं किंवा मग डोळ्यावर येतं, म्हणून खाली मानेशी वेणी किंवा सैल बो, असं ते सांगत होते आणि माझ्या मनात आलं की हा माणूस सात वर्षांपूर्वी का नाही भेटला.

त्यांनी जे करून दाखवलं ते लिहून ठेवते, तुम्ही कुठल्याही दुकानात करून बघा. हेल्मेट घातल्यावर गाल आतून दाबले गेले पाहिजेत, इतके की बोलताना गाल दाताखाली येतो की काय असं वाटलं पाहिजे. सुरुवातीला दोन आठवडे त्रास होतो, मग आतला फोम बसतो, म्हणून दुकानात "आरामशीर" वाटलं ते घ्यायचंच नाही, ते महिन्याभरात ढिलं होणार. मग मान जोरात हलवायची, हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे, हेल्मेट एकटं फिरलं तर मोठं आहे. आणि शेवटचं, पट्टा लावून मागनं कडेला धरून पुढं उलटायचा प्रयत्न करायचा. माझं जुनं शोरूमवालं असं केलं तर काकांच्या एका हाताने निघून हातात आलं. पट्टा लावलेला असताना! म्हणजे चार वर्षं मी जे पोलिसांसाठी घालत होते ते पोलिसांसाठीच होतं.

आयएसआयचं पण सांगते. मार्कच्या वर आयएस ४१५१ (हेल्मेटच्या सरकारी मानकाचा नंबर) असतं आणि खाली सीएम/एल करून लायसन नंबर. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये (आयएसआय मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेचं ॲप) टाकला की कंपनीचं नाव पत्ता येतो. मी दुकानात उभी राहून टाकला, काका हसले पण रागावले नाहीत. जून २०२१ पासनं दुचाकीचं हेल्मेट आयएसआय शिवाय विकायलाच बंदी आहे, तरीपण हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेली अडीचशे-तीनशेची हेल्मेटं तुम्हीपण बघितली असतील, आत बोट दाबलं की थर्माकोल नाहीच, नुसता स्पंज आणि वर चकचकीत प्लास्टिक. त्याला हेल्मेट म्हणणं म्हणजे पुठ्ठ्याला पत्रा म्हणणं. आतला जो जाड पांढरा थर्माकोल असतो खरं काम तोच करतो, तो दबतो म्हणून डोकं वाचतं. वरचं कवच फक्त घासायला आणि धक्का पसरवायला. हे मला काकांनी सांगितलं तेव्हा अर्धं कळलं, नोव्हेंबरात पूर्ण कळलं.

किंमत २,१५० सांगितली, २,००० ला दिलं. मरून मिळालं नाही, ग्रे मिळालं.

आता वापरातलं. वजन घरी किचनच्या काट्यावर केलं, १,३०० ग्रॅमच्या आसपास. पहिले आठ दिवस मान दुखली, नंतर कळतपण नाही. उन्हाळ्यात मात्र वैताग, साताऱ्यात एप्रिलमध्ये दुपारी दोनला पोवई नाक्यावर थांबलं की आत इडली पात्र. वरती हवा यायला जी भोकं आहेत ती चालत्या गाडीतच कामाची, उभ्या गाडीत शोभेची. पावसाळ्यात काचेवर वाफ धरते, यासाठी मी एक स्टार कापलाय. आमच्याकडचा पाऊस म्हणजे काही सरी नाहीत, जुलैत यवतेश्वरच्या बाजूनं जो येतो तो आडवा येतो, काच उघडली तर डोळ्यात, बंद केली तर धुकं. शेवटी दोन बोटं काच उघडी ठेवून चालवायची सवय लागली. आणि सहा महिन्यांत काचेवर बारीक चरे पडले, रात्री समोरच्या गाडीचा लाईट त्या चऱ्यांमध्ये पसरतो आणि नुसती फुलबाजी दिसते, हे धोक्याचं आहे. चूक माझी, मी ओढणीनं कोरडंच पुसायचे. पाणी मारून मऊ फडक्यानं पुसायचं. नवीन काच ३०० ला मिळाली. काळी काच अजिबात घेऊ नका, दिवसा हिरोगिरी होते आणि संध्याकाळी सातला खड्डा दिसत नाही.

डिक्कीत बसत नाही. हे कुठल्याच दुकानदारानं मला सांगितलं नव्हतं आणि बायकांसाठी हा फार मोठा मुद्दा आहे. डिक्कीत एकतर हेल्मेट किंवा रेनकोट, डबा, पर्स, आणि पाहुणे जाताना घेतलेला कंदी पेढ्यांचा बॉक्स, दोन्ही नाही. मी १५० रुपयांचं वायरचं लॉक घेतलं, त्यात ते गाडीच्या हुकाला अडकवते. पावसात तसंच बाहेर राहिलं तर आत ओला गोळा होतो आणि वास येतो. आतले गालाचे पॅड निघतात, धुता येतात, हे मात्र एक नंबर. दर पंधरा दिवसांनी शांपूच्या पाण्यात.

लोकांचं ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच. सोसायटीतल्या काकू रोज विचारायच्या, "पुण्याला निघालीस काय गं?" मंडईत ओळखीची भाजीवाली काच वर करेपर्यंत भाव डबल सांगायची, मग "अगं बाई ताई तुम्ही होय!" नवऱ्याचं तर सरळ म्हणणं, गावात ट्रॅफिकच नाही, ॲक्सिडेंट हायवेला होतात. आता हायवेला होतात हे खरंच आहे, आमच्याकडं खंबाटकीचं ते एस वळण सगळ्यांना माहितीय. सरकारी हिशोबात ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत पाच गंभीर किंवा जीवघेणे अपघात झाले किंवा दहा जण गेले तर तो ब्लॅक स्पॉट धरतात, मग तिथं बोर्ड लागतो, रंबलर (रस्त्यावरच्या खडखडणाऱ्या पट्ट्या) येतो. पण गावात अपघात असे एका जागी होतच नाहीत ना. एक इथं गल्लीच्या तोंडाला, एक शाळेपाशी, एक कुत्रं आडवं आलं म्हणून, एक स्पीड ब्रेकर रंगवलेला नाही म्हणून. कुणी नकाशावर ठिपका मारत नाही. हाड जोडून घरी येतात, आठ दिवस लोक बघायला जातात, संपला विषय.

आणि गावाचं ट्रॅफिक राहिलंय का गावासारखं? ग्रेड सेपरेटर, म्हणजे पोवई नाक्याखालचा भुयारी रस्ता, २०२१ ला चालू झाला, चांगलंच झालं, वर नाक्यावर आठ रस्ते एकत्र येऊन जो काला व्हायचा तो कमी झाला, पण खालनं मोकळा रस्ता मिळाला की पोरं जी सुटतात ती वर तोंडाला येईपर्यंत ब्रेक माहीत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात कासच्या फुलांचा सीझन, शनिवार-रविवार पुण्याकडच्या एमएच १२ आणि एमएच १४ च्या गाड्यांची रांग, घाटात वळणावर सेल्फी. आणि नोव्हेंबर लागला की ऊस.

आकडे बघितलेत का कधी? मी पडल्यावर पडून पडून बघितले, दुसरं काम नव्हतं. २०२२ ला देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात ७४,८९७ दुचाकीवरची. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेले ५०,०२९ मेले, आणि त्यातले १४,३३७ मागं बसलेले. महाराष्ट्रात त्या वर्षी रस्त्यावर सगळे मिळून १५,२२४ गेले. भागाकार करा, रोज एकेचाळीस-बेचाळीस, म्हणजे जवळजवळ एक भरलेली एसटी रोज. आणि पुढच्या वर्षी, २०२३ ला, देशाचा आकडा अजून वाढून १,७२,८९०. एसटी खरंच दरीत गेली तर आठवडाभर बातमी चालते, ही रोजची एसटी कुणाला दिसत नाही कारण ती एकेक सीट करून भरते.

मागं बसलेल्यांचा आकडा मला जास्त लागला. कारण मागं कोण बसतं? आपणच. साडी नेसून एका बाजूला पाय टाकून, मांडीवर पोर, एका हातात पिशवी, दुसरा हात नवऱ्याच्या खांद्यावर, आणि हेल्मेट नवऱ्याला. दंड त्यालाच होतो म्हणून. खरं तर मागच्यालाही कायद्यानं लागतंच, नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्रात त्याची कारवाई कडक करायचा आदेश निघाला तेव्हा काय ओरड झाली होती आठवत असेल. लहान पोरांचं तर अजून वेगळं, नऊ महिने ते चार वर्षांच्या पोरासाठी बांधायचा पट्टा, त्याच्या मापाचं हेल्मेट आणि गाडी चाळीसच्या आत, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासनं लागू आहे. मी साताऱ्यात आजवर एकपण तसलं पोर बघितलेलं नाही. पुढं उभं राहून आरशाला धरलेली मात्र रोज दहा बघते.

बरं, नोव्हेंबर. बहिणीकडनं येत होते, वाढे फाट्याच्या अलीकडं, संध्याकाळचे सात वाजून गेलेले. पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला ना लाईट ना रेडियम, ऊस दोन्हीकडनं बाहेर लोंबतोय. मी चांगली लांब होते. स्पीड तीस, काट्याकडं बघितलेलं आठवतंय. ट्रॅक्टर खड्ड्यातनं गेला, ट्रॉली हलली, आठ-दहा ऊस रस्त्यावर. ऊस गोल असतो हो, पुढचं चाक त्यावर गेलं की गाडी आपली राहत नाही. ब्रेक मारायच्या आत मी डाव्या अंगावर आडवी, आणि डोकं खाली आल्याचा जो आवाज झाला तो मी सांगू शकत नाही, नारळ फोडल्यावर येतो तसा, फक्त आतून. ट्रॅक्टरवाल्याला कळलंसुद्धा नाही, तो गाणी लावून निघून गेला.

चहाच्या टपरीवरची दोन पोरं पळत आली. त्यांच्यातला एक म्हणत होता, हात लावू नको, पोलिसांच्या भानगडी मागं लागतात. दुसऱ्यानं ऐकलं नाही, मला बाजूला घेतलं, पाणी दिलं, आणि हेल्मेट ओढून काढायच्या आधी विचारलं मान दुखतीय का, हे त्याला कुणी शिकवलं होतं देव जाणे. तर त्या पहिल्यासारख्यांसाठी सांगते, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय, मदत करणाऱ्यावर केस होत नाही, आणि नाव सांगायची पण सक्ती नाही. हॉस्पिटलात सोडा आणि निघा.

हिशोब असा: डावं मनगट फ्रॅक्चर, गुडघा सोलला, पंजाबी ड्रेस गेला. डोक्याला काही नाही. टेंगूळसुद्धा नाही. हेल्मेटला डाव्या गालापासनं हनुवटीपर्यंत पांढरा ओरखडा, इतका खोल की नख जातं. हाफ हेल्मेट असतं, ते टोपीसारखं, तर तो ओरखडा माझ्या जबड्यावर असता. डॉक्टरांनी हेल्मेट हातात घेऊन फिरवून बघितलं आणि म्हणाले हे ठेवा घरात सगळ्यांना दाखवायला. मग मनगटाकडं बघितलं.

नंतर मी ते काकांकडं नेलं. मला वाटलं पॉलिश होईल, पॅड बदलू, दोन हजाराची वस्तू आहे. काकांनी आतला कपडा काढून दाखवलं, थर्माकोल एका जागी दबलेला, बारीक चीर. म्हणाले हे संपलं, याचं एकदाच असतं. बाहेरनं ठीक दिसलं तरी परत त्याच जागी बसलं तर आत दबायला काही शिल्लक नाही. हे त्यांनी नवीन विकायला सांगितलं असं कुणाला वाटेल तर वाटू दे, पण दबलेला थर्माकोल परत फुगत नाही हे कुठल्याही टीव्हीच्या खोक्यात बघा.

तर मार्क. पाचपैकी चार. वाफ आणि काच म्हणून एक कापला. पट्ट्याचं बक्कल क्विक रिलीजचं आहे, कट करून बसतं, एका हाताने निघतं, ते मला खूपच आवडलं, कारण पट्टा लावायचा कंटाळा हे आपलं खरं दुखणं. न लावलेला पट्टा म्हणजे हेल्मेट आधी उडतं आणि तुम्ही मागनं. फिटिंगला पूर्ण मार्क, पण ते हेल्मेटचे नाहीत, काकांच्या टेपचे.

दुसरं तेच घेतलं, तोच साईज, यावेळी मरून होतं. या दिवाळीनंतर किंमत १०० नं वाढलीय. नवऱ्याचं डोकं मापून आलोय, ६०, एक्सएल लागतं, इतकी वर्षं ते एम मध्ये कोंबत होते आणि वर म्हणायचे हेल्मेटनं डोकं दुखतं. काकांकडं एक्सएल शिल्लक नव्हतं, गुरुवारी येणार म्हणालेत. तोपर्यंत ते चालत ऑफिसला जातायत, तेवढंच पोट कमी.

जुनं टाकलं नाही. पट्टा कापून टाकलाय, म्हणजे कुणी उचलून वापरायला नको, आणि ओरखड्याची बाजू दाराकडं करून चपलांच्या कपाटावर ठेवलंय. सोसायटीतल्या काकू परवा आल्या होत्या मनगट बघायला, हेल्मेटवर बोट फिरवून बघितलं, मग जाताना हळूच विचारलं, "पिंक मिळतं काय गं त्यांच्याकडं?"